प्रभाची शेवटची भट्टी

प्रभा, भट्टी उघडली. घाई केली नाही. पूर्ण थंड झाल्यावरच उघडली. तुला आयुष्यभर हेच हवं होतं आणि ते कधी कोणी होऊ दिलं नाही. आपल्या कॉलेजच्या लॅबमध्ये भट्टी एकच, तीही तुझ्या खोलीत, आणि रांगेत माणसं ढीगभर. तुझी पावडर जरा कुठे निवायला लागली की कोणीतरी दार किलकिलं करणारच. ‘मॅडम, बस पाच मिनट.’ त्या पाच मिनटांपायी तू किती पोरांना रडवलंस, ते मोजायला नको.

या वेळी कोणी आलं नाही. शुक्रवारी दुपारी तू पावडर आत ठेवलीस, तापमान लावलंस, दार लावून इंद्रपुरीला घरी गेलीस. शनिवारी उजाडता उजाडता तुझ्या नवऱ्याचा, वसंतरावांचा फोन आला. हॉस्पिटलात नेईपर्यंत तुझं सगळं संपलेलं होतं; हार्ट अटॅक, डॉक्टर म्हणाले. इकडे भट्टी लावल्याप्रमाणे तापली, लावल्याप्रमाणे बंद झाली आणि एकटीच निवत राहिली. सोमवारी रामस्वरूपने दारावर कागद चिकटवला, ‘प्रभा मैडम का सैंपल है’, आणि समोर स्टूल टाकून बसला. चपराशी माणूस, पण हेड ऑफ डिपार्टमेंट आले तरी उठला नाही. मला म्हणाला, “मैडम, अपन ने किसी को हाथ नहीं लगाने दिया. अब आप ही खोलना.” तरी मला दहाव्यापर्यंत उघडायचा धीर झाला नाही.

आता उघडली आहे, मोजलं आहे, आणि आपल्या भांडणाचं उत्तर माझ्या टेबलावर पडलं आहे. ज्याच्यासाठी इतकी वर्षं घसा कोरडा केला ते उत्तर. ते ऐकायचा हक्क जगात एकाच माणसाचा होता आणि ते माणूस निघून गेलं. राग येतो मला तुझा. सगळे रडले, मीही रडले, पण खरं सांगू का, जास्त रागच आला.

जे हे वाचतील त्यांना आपलं भांडण काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर वाटेल दोघी बायका जमिनीवरून भांडत होत्या. गोष्ट एवढीशी आहे. झिर्कोनियाची पांढरी पावडर. दातांवर बसवायच्या पांढऱ्या टोप्या करतात ना, त्यातली. तिचे कण आतून दोन तऱ्हांनी रचलेले असतात. एक रचना ताठ, काटकोनातली. दुसरी जरा कललेली. पुस्तकात त्यांची लांबलचक नावं आहेत, पण तू पहिलीला ‘सरळ’ म्हणायचीस आणि दुसरीला ‘वाकडी’, आणि पुढे सगळ्या लॅबची तीच भाषा झाली. आपण तयार केलेली पावडर सरळ असायला हवी. क्ष-किरणांच्या मशीनमध्ये ठेवली की मात्र आलेखावर वाकडीची शिखरं डोकं वर काढायची. कधी थोडी, कधी भरपूर. ही वाकडी येते कुठून? तू म्हणायचीस, थंड होताना येते. हळू थंड झाली की कणांना वळायला वेळ मिळतो. मी म्हणायचे, भट्टीतून येते तेव्हा ती सरळच असते. वाकडी करतेस तू, खलात घोटून.

“मी?” पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तू अकीक दगडाचा खल मांडीवरून खाली ठेवलास. “म्हणजे माझ्या हातात दोष आहे म्हणते काय तू?”

“हातात नाही. घोटण्यात.”

“घोटल्याशिवाय मशीनमध्ये ठेवू? भरड पावडर? तुमच्या पुण्यात ठेवत असतील.”

मी पुण्याला उभ्या जन्मात चार वेळा गेले असेन. वडील नोकरीनिमित्त भोपाळला आले तेव्हा मी पाळण्यात होते. पण घरात साजूक मराठी बोलतो एवढ्यावर तू मला कायमची पुणेरी करून टाकलंस, आणि स्वतः नागपूर सोडून तीस वर्षं झाली तरी नागपूर काही सोडलं नाहीस. ‘काय करून राहिली’, ‘काहून’, ‘बाप्पा’. तुझ्या तोंडून ‘क्रिस्टल’सुद्धा वऱ्हाडी वाटायचं.

घोटताना तू बोलायचीस. बाकी वेळ तू तशी अबोलच. पण खल मांडीवर आला की तुझी गाडी सुरू. सासूबाईंची गोष्ट, इंद्रपुरीतल्या शेजारणीची गोष्ट, बँकेतल्या मॅनेजरची गोष्ट, आणि बत्ता गोल फिरतोय, घर्र, घर्र. राग आला असेल तर आवाज चढायचा. मी शेजारच्या खोलीत बसून नुसत्या आवाजावरून ओळखायचे की आज मुलाचा फोन आला नाही, किंवा आला आणि लवकर संपला. एकदा मी तुला म्हटलंही होतं, “प्रभा, आज वाकडी जास्त येणार बघ. तू चिडली आहेस.” आणि आली. तू आलेख माझ्यासमोर आपटलास आणि म्हणालीस, “योगायोग आहे.” मग दोन दिवस डबा वेगळा खाल्लास. तिसऱ्या दिवशी तुझा डबा माझ्या टेबलावर, झुणका आणि ठेचा, वर चिठ्ठी वगैरे काही नाही. खाल्ला मी.

भांडण लॅबमध्ये मावायचं नाही. बिट्टन मार्केटला हाट भरायचा त्या दिवशी आपण दोघी सोबत जायचो, आणि तुझ्या एका हातात मेथीची जुडी आणि दुसऱ्या हाताने हवेत आलेख काढणं चालू. तो मिरचीवाला आठवतो? “दीदी, फ़ैसला हुआ कि नहीं?” तू त्याला म्हणालीस, “भैया, इनको समझाओ, चीज़ ठंडी होके ही बिगड़ती है.” तो म्हणाला, “हमारी तो गरमी में बिगड़ती है.” आपण दोघी तिथेच रस्त्यात हसत बसलो आणि मिरच्या घ्यायच्या राहिल्या.

तुला यावर पेपर लिहायचा होता, दोघींच्या नावाने. लिहिलासही. मी सही केली नाही. जोवर न घोटलेली आणि खरोखर हळू थंड झालेली पावडर मोजली जात नाही, तोवर नाही. निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा तू पुन्हा विचारलंस आणि मी पुन्हा नाही म्हटलं. आज विचारलंस तरी नाहीच म्हणेन. तू तरी केली असतीस का? माहेरच्या माणसाने सांगितलं म्हणून तू एक आकडा कधी हलवला नाहीस. तुझ्याच विद्यार्थिनीचं तयार झालेलं काम तू एका चुकलेल्या मापासाठी पुन्हा करायला लावलंस. तिच्या लग्नाच्या महिन्यात. ती तुझ्या तेराव्याला आली होती. हुंदके देऊन रडत होती आणि मधेच मला म्हणाली, “मॅम ने मुझे बहुत सताया.” मी म्हटलं, “मलाही.”

पण एक गोष्ट मी तुला कधी बोलून दाखवली नाही. माझी आई साकेत नगरच्या हॉस्पिटलात होती ते दिवस. तू रोज संध्याकाळी यायचीस. ‘कशी आहेस’ असं एकदाही विचारलं नाहीस. आल्या आल्या बाकावर बसायचीस आणि सुरू: “हे बघ, भट्टी तासाला इतकी निवली तर कणाला वळायला किती वेळ मिळेल, सांग.” मी चिडून उत्तर द्यायचे, तू खोडायचीस, मी पुन्हा. बाजूचे लोक बघायचे. आत आई होती, आणि बाहेर मी झिर्कोनियावरून तावातावाने भांडत होते. त्या भांडणानेच मला उभं ठेवलं. तुला ते ठाऊक होतं का? ठाऊकच असणार. मी आभार मानायला तोंड उघडलं असतं तर तू विषय बदलला असतास, म्हणून उघडलं नाही.

आता तुझ्या खोलीचं सांगते. मला भीती वाटते तिथली. हसू नकोस. किल्ली माझ्याकडे आहे, मीच उघडते, मीच लावते. आत काही बदललेलं नाही. अमोनियाचा वास आहे, जरासा, तुझ्या ॲप्रनला. खिडकी उघडी ठेवली तरी जात नाही. भट्टीच्या बटणावर तुझ्या बोटाचा पांढरा ठसा आहे. रामस्वरूप फडकं घेऊन आला तेव्हा मी त्याच्यावर ओरडले आणि मग मलाच कळेना की का ओरडले.

आणि घोटल्याचा आवाज येतो. भर दुपारी, बारा-एक वाजता, सगळे तास चालू असताना. मी पेपर तपासत असते आणि भिंतीपलीकडून घर्र, घर्र. पहिल्या वेळी उठून गेले. खोलीला कुलूप होतं. उघडून पाहिलं, खल जागेवर, कोरडा. परत येऊन बसले तर पुन्हा. रामस्वरूपला विचारलं, “तुला ऐकू येतं का काही?” तो म्हणाला, “क्या, मैडम?” आणि मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, “आप थोड़ा घर जाके आराम करो.” शरीराला सवय लागते म्हणतात. माझी मुलगी फोनवर तेच म्हणाली. पण सवयीला राग कळतो का? गेल्या बुधवारी आवाज चढलेला होता. मी बसल्या जागी म्हटलं, “बाई, काय झालं आता?” आणि आवाज थांबला.

त्याच दिवशी मी ठरवलं की आता मोजायचं.

भट्टीतून काढलेली पावडर चमचा-दोन चमचेच होती. तिचे दोन भाग केले. एक भाग न घोटता, जसा होता तसा, नुसता काचेने हलकेच दाबून मशीनमध्ये ठेवला. हेच मला इतकी वर्षं हवं होतं: खलाचा हात न लागलेली आणि तुझ्या म्हणण्याप्रमाणे सावकाश थंड झालेली पावडर. सरळ निघाली तर माझं खरं. वाकडी निघाली तर तुझं. मशीनचं दार बंद केलं, लाल दिवा लागला आणि खुर्चीत बसले. आणि प्रभा, मला तेव्हा कळलं की मला हरायचं आहे. मनापासून हरायचं आहे. मी देवाला हात जोडत नाही हे तुला माहीत आहे. त्या दिवशी मी मशीनला जोडले.

आलेख आला. सरळ. सगळीच सरळ. वाकडीची जागा रिकामी, तिथे रेघ कशी झोपलेली होती.

मी जिंकले. खोलीत कोणी नव्हतं. मी उठून पाणी प्यायले, परत बसले, पुन्हा पाहिलं. सरळच.

मग मी काय केलं ते ऐक. उरलेला भाग घेतला, तुझ्या खोलीत गेले, तुझ्या स्टुलावर बसले आणि खल मांडीवर घेतला. तुझ्यासारखा, गुडघ्याला टेकवून. आणि घोटत बसले. किती वेळ, माहीत नाही. हात दुखायला लागला तरी घोटत होते. सुरुवातीला आवाज माझा होता. मग तो तुझ्यासारखा यायला लागला, तसाच जड, तसाच शेवटी ओढलेला. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. ती पावडर मशीनमध्ये ठेवली. आणि तुझी वाकडी वर आली. दोन शिखरं, नेहमीच्या जागी, जशी तुझ्या प्रत्येक आलेखात असायची. मी पडद्याला हात लावला. खरंच लावला. ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं तसं झालं मला.

दोन्ही आलेख पर्समध्ये टाकून शनिवारी इंद्रपुरीला गेले. वसंतराव एकटेच होते, पाहुणे पांगले होते, मुलगाही परत गेला होता. बैठकीत तुझा फोटो, हार सुकलेला. त्यांनी स्वतः चहा केला, साखर विसरले, मी तसाच प्यायले. मग त्यांनी विचारलं. मला माहीत होतं की विचारतील. आयुष्यभर जेवताना त्यांनी हेच ऐकलं होतं.

“निघालं काय काही? कोणाचं खरं?”

पर्समध्ये दोन कागद होते. त्यांना आलेख वाचता येत नाही, ते खरेदी खात्यात होते. दुसरा कागद काढून नुसतं बोट ठेवलं असतं, ‘ही बघा प्रभाची वाकडी’, तर त्यांनी तो कागद फोटोजवळ ठेवला असता. माझा हात त्या कागदावर होता. खोटं तरी कुठे होतं त्यात? शिखरं खरीच होती.

मी पहिला कागद काढला. “तिचं चुकलं,” म्हटलं.

त्यांनी कागद हातात घेतला. मग एकदम चिडले. हा माणूस चिडलेला मी कधी पाहिला नव्हता. “एकदाच पाहिलं ना तुम्ही? ती तर तीनदा पाहायची. एकदा पाहून तुम्ही ठरवून टाकता?”

“वसंतराव, पावडरच तेवढी होती.”

“ती असती तर मानली असती काय?”

“नाही.”

“मग मी काहून मानू?” ते उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. राग ओसरला होता. “जाऊ द्या. मला त्यातलं काही समजत नाही. तुम्ही मला एवढंच सांगा, तिनं शेवटचं काम कसं करून ठेवलं होतं? तुम्हाला जसं दिसलं तसं सांगा. मी तर तिची लॅब कधी नीट पाहिलीच नाही.”

मी सांगायला लागले. टेबल पुसलेलं होतं. खल धुऊन पालथा ठेवलेला होता. ॲप्रन खुंटीला. “भट्टीचं दार मी उघडलं,” मी म्हटलं, “आणि क्रुसिबल, म्हणजे ती पांढरी वाटी, समोरच होती. अगदी दाराच्या तोंडाशी. चिमटासुद्धा लागला नाही. मी नुसता हात घालून...”

आणि मी थांबले.

प्रभा, आपल्या भट्टीचं दार जुनं आहे, फटीतून उष्णता जाते. तोंडाशी ती नीट तापतच नाही. हे मी तुझ्याकडूनच शिकले. नवीन पोरगं आलं की तू पहिला धडा हाच द्यायचीस, लांब चिमटा, कोपर ताठ, आणि वाटी मधोमध जाईपर्यंत रेटायची. दाराशी ठेवलेली पावडर कमी तापते, कण बारीकच राहतात, आणि बारीक कण सरळच राहतात, मग तुम्ही हळू थंड करा की झटकन. त्या पावडरीला निवताना वाकडं व्हायची संधीच मिळाली नव्हती. आपण दोघी निवण्यावर आणि घोटण्यावर भांडत राहिलो, आणि ती तापलीच नव्हती. वाटी दाराशी आहे हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. हाताने उचलली होती. पण मला उत्तराची एवढी घाई झाली होती की दिसूनही दिसलं नाही.

हे सगळं मी वसंतरावांना सांगितलं. म्हटलं, हा कागद फुकट आहे. घोटलं की वाकडी येते एवढं दिसलं, पण निवताना येतच नाही हे यावरून ठरत नाही; म्हणजे तिचंही खरं नाही आणि माझंही नाही. मला वाटलं त्यांना बरं वाटेल.

“पण ती दाराशी काहून ठेवेल?” ते म्हणाले.

“ठेवणार नाही. तिने तीस वर्षांत कधी ठेवली नाही.”

“मग?”

ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, “शुक्रवारी तिनं कणीक मळली नाही. मला म्हणाली, पोळ्या बाहेरून आणा, हात फार भरून आला आहे, वर उचलूनच नाही राहिला. मी म्हटलं, दिवसभर घोटत बसते तू, भरून येईलच. आणि मी पोळ्या आणायला गेलो.”

चहाचे कप तसेच पडले होते.

तर कोणाचं खरं ते अजून कळलेलं नाही, प्रभा. कळलं ते एवढंच की शुक्रवारी दुपारी तू भट्टीसमोर उभी होतीस, हातात लांब चिमटा होता, आणि तुला वाटी पुढे रेटवली नाही. तू दार लावून घेतलंस. कोणाला काही बोलली नाहीस. मी शेजारच्या खोलीतच होते, पेपर तपासत. एक हाक मारायची होतीस गं.